मीठच आहे हो ते!

दार कसं लावायचं हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. कागदोपत्री मी स्फटिकशास्त्रज्ञ आहे, नावामागे डॉक्टरेट आहे, प्रथिनांच्या रेणूंची रचना क्ष-किरणांनी कशी शोधायची यावर मी न थांबता दीड तास बोलू शकते. ते ऐकायला घरात आता कुणी तयार नाही, ही गोष्ट वेगळी. पण ह्या सगळ्या विद्वत्तेचा खरा कस लागतो तो ‘हच’चं दार लावून दाखवताना.

हच म्हणजे शिशानं मढवलेली खोली. तिच्यात क्ष-किरण सोडायचे, म्हणजे आधी आत कुणी माणूस राहिलेला नाही ना याची खात्री हवी. त्यासाठी आतल्या कोपऱ्यांत बटणं बसवलेली असतात. ती ठरलेल्या क्रमानं दाबत यायचं, म्हणजे आपसूक सगळी खोली नजरेखालून जाते. मग बाहेर पडायचं आणि भोंगा वाजत असेतोवर दार लावायचं. वेळ चुकली की पुन्हा पहिल्या बटणापासून सुरुवात. सहावीतल्या मुलाला एकदा सांगितलं तर जमेल. पण आमच्याकडे येतात ते सहावीतले नसतात. एखादे थोर प्राध्यापक पहिलं बटण दाबतात, दुसऱ्याकडे जाताना त्यांना काहीतरी सुचतं, ते थांबून वहीत टिपून घेतात, भोंगा वाजून वाजून गप्प होतो आणि ते मला फोन करतात, “तुमचं दार बिघडलंय.” मी जाते, दार लावते. ते म्हणतात, “आत्तापर्यंत लागत नव्हतं.” तेवढ्यात त्यांच्या लक्षात येतं की चष्मा आत राहिला. माणूस जितका मोठा तितका दार लागायला वेळ जास्त, असा माझा एक नियम आहे. तो अजून कुठल्या नियतकालिकानं छापलेला नाही.

हे सगळं युरोपातल्या एका सिंक्रोट्रॉनवर घडतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण नोकरी चालू आहे आणि घराचं कर्जही. सिंक्रोट्रॉन म्हणजे काय हे आईला समजावताना मी एकदा म्हटलं होतं, की एक प्रचंड मोठा दिवा आहे आणि आम्ही तो सांभाळतो. तेव्हापासून “लेक काय करते हो तिकडे?” असं कुणी विचारलं की आई निरागसपणे सांगते, “दिवे लावते.” समोरची बाई पुढे काही विचारत नाही.

तसं आईचं काही चुकत नाही. एका वर्तुळाकार नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत ठेवायचे. चुंबकांनी त्यांना वळवलं की त्या वळणावर ते झगझगीत प्रकाश फेकतात आणि त्यातले क्ष-किरण आम्ही वापरतो. जपानच्या स्प्रिंग-८ चं वर्तुळ १,४३६ मीटरचं आहे, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे ते ८४४ मीटरचं आणि आपल्या इंदूरला राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ चं १७२.५ मीटर. इंदूरच्या यंत्रावरही प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी बीमलाइन, म्हणजे क्ष-किरणांची प्रयोगापर्यंत नेणारी वाट, आहे. तिथल्या माझ्या जातभाईंचा मला मनापासून हेवा वाटतो, कारण त्यांना रात्री भूक लागली तर शहरात सराफ्यातली खाऊगल्ली उघडी असते. मला भूक लागते तेव्हा एका यंत्रात नाणं टाकावं लागतं. ते यंत्र नाणं घेतं, मग विचार करतं आणि बहुतेक वेळा चॉकलेट अर्ध्या वाटेत अडकवून ठेवतं.

गंमत अशी की हा प्रकाश मुळात कुणाला नकोच होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. पुढे कणांच्या टकरी घडवणारे भौतिकवाले बरीच वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होते, कारण इलेक्ट्रॉनला मारूनमुटकून दिलेली ऊर्जा वळणावळणावर अशी वाया जायची. मग बाकीच्या लोकांनी “तुम्हाला नको तर आम्हाला द्या” म्हणत त्या वाया जाणाऱ्या प्रकाशावर संसार थाटला. आज त्यासाठी मुद्दाम यंत्रं बांधतात आणि तो मिळावा म्हणून जगभरचे लोक अर्ज करतात.

अर्ज मंजूर झाला की त्यांना बीमटाइम मिळतो, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेले तास. आणि त्यांच्यासाठी एक ‘लोकल कॉन्टॅक्ट’ नेमला जातो. तो म्हणजे मी. ही नोकरी नेमकी कशी आहे हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. मग भारतात एका लग्नाला गेले असताना मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे पाहून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हॉल एका रात्रीपुरता दिलेला. पार्टी कुठून तरी लांबून आलेली, झोप न झालेली, सोबत स्वतःची भांडीकुंडी घेऊन. मुहूर्त गाठायचाच आहे. कुणीतरी रुसलंय. महत्त्वाची पिशवी गावीच राहिलीये. मॅनेजर प्रत्येकाला सांगतोय, पाणी तिकडे, गॅस इकडे, ह्या स्विचला हात लावू नका. मंडळींना वाटतंय की जगात आज हे एकच कार्य आहे. त्याला माहीत आहे की उद्या सकाळी नऊला दुसरी पार्टी टेम्पो घेऊन दारात उभी राहणार. फरक इतकाच की त्याला जेवायला बसवतात.

आमच्या पार्टीचं वऱ्हाड ड्यूवरमधून येतं. ड्यूवर म्हणजे मोठा थर्मास. त्याच्या आतल्या अस्तरात द्रव नायट्रोजन मुरवलेला असतो, म्हणजे उणे १९६ अंश. आत पक, म्हणजे गोल चकत्या. एका चकतीत १६ पिना, प्रत्येक पिनेच्या टोकाला नायलॉनचा इवलासा फास, म्हणजे लूप, आणि त्या फासात केसाच्या जाडीएवढा एक स्फटिक. ड्यूवरवर चारही बाजूंनी बाण काढलेले असतात, “ही बाजू वर” असं अनेक भाषांत लिहिलेलं असतं. कुरियरवाला तो पाहतो आणि आडवा ठेवतो. मग आम्ही आशेनं झाकण उघडतो. आत थंडावा असेल तर गारगार वाफ वर येते आणि सगळे टाळ्या वाजवतात. वाफ आली नाही तर आत संशोधकाच्या वर्षभराच्या मेहनतीचं पाणी झालेलं असतं, आणि हा वाक्प्रचार नाही.

ते सगळं सुखरूप आलं तरी पुढे नावांचा प्रश्न असतो. कुठल्या पिनेवर कुठला स्फटिक आहे याची यादी संशोधकानं पाठवायची असते. ती येते ती अशी: टेस्ट, टेस्ट-२, चांगला, चांगला-नवा, फायनल, फायनल-खरा, हा-घ्या, मोठा-पण-वाकडा. दोन वर्षांनी हीच मंडळी मेल करतात, “आमचा तो चांगला डेटा कुठे आहे हो?” मी विचारते, “चांगला की चांगला-नवा?” उत्तर येत नाही.

मग मोजणी. इथे यंत्राची कमाल मान्य करायलाच हवी. डोरोथी हॉजकिन यांच्या हाती इन्शुलिनचा स्फटिक आला १९३४ मध्ये आणि त्याची रचना सुटली १९६९ मध्ये. पस्तीस वर्षं त्या बाई एका रेणूच्या मागे होत्या, आणि मधल्या काळात वेळ जात नाही म्हणून की काय, नोबेलही घेऊन आल्या. आता रोबो पिन उचलतो, गार वाऱ्याच्या झोताखाली बसवतो, स्फटिक गर्रकन फिरतो आणि मिनिटाच्या आत ३,६०० चित्रं निघतात. पस्तीस वर्षांचं काम मिनिटावर आलं म्हणजे माणूस सुखी व्हायला हवा. होत नाही. ते मिनिट संपायच्या आत प्राध्यापक विचारतात, “आज जरा स्लो आहे का?”

आणि मग सुरू होते ती घासाघीस. चित्रं किती बारकाईची निघाली हे अँगस्ट्रॉममध्ये सांगतात. आकडा जितका लहान तितकं उत्तम.

“किती आला?”

“२.१.”

“१.९ म्हणता येणार नाही?”

“कडेचे ठिपके फार फिके आहेत.”

“दोन तरी करा.”

जणू मी ०.१ अँगस्ट्रॉम काउंटरखाली दडवून ठेवलाय. नकार दिला की म्हणतात, त्याच स्फटिकाचा पुन्हा एकदा डेटा घेऊ. मी सांगते की क्ष-किरणांनी स्फटिक भाजतो, आतले रासायनिक बंध तुटायला लागतात, दुसऱ्या खेपेला आकडा सुधारणार नाही, घसरेलच. ते समजून घेतात, मान डोलावतात, “अगदी बरोबर” म्हणतात आणि मी कॉफी आणायला वळले की तोच स्फटिक पुन्हा लावतात. तिसऱ्या खेपेला पडद्यावर जे दिसतं त्याला काहीच नाव देता येत नाही.

पण ह्या नोकरीतला अवघड भाग वेगळाच आहे. तो म्हणजे मीठ.

प्रथिनाचा स्फटिक वाढवायचा तर प्रथिनाच्या थेंबात नाना क्षार घालावे लागतात. त्यात कुठेतरी फॉस्फेट असतं, कुठेतरी कॅल्शियम असतं, त्यांची गाठ पडते आणि प्रथिन राहतं बाजूला, क्षारांचाच सुबक स्फटिक उगवतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. नाही, खोटं कशाला बोलू, क्षाराचा जास्त देखणा दिसतो. ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे, सुईनं टोचून बघायचं. प्रथिनाचा असेल तर भुगा होतो, कारण तो निम्मा पाणीच असतो. क्षाराचा असेल तर कट्ट असा आवाज येतो. पण महिनोन्‌महिने वाट पाहून उगवलेल्या एकुलत्या एक स्फटिकाला सुई टोचायला कुणाचा हात धजावत नाही. त्यापेक्षा लोक तो विमानानं माझ्याकडे घेऊन येतात आणि कोट्यवधींच्या यंत्रावर लावून मीठ आहे याची खात्री करून घेतात.

अशीच एक मुलगी आली. मूळची कोल्हापूरची, जर्मनीत पीएच.डी. करणारी. माझं आडनाव वाचून तिनं पहिल्याच मिनिटाला मला ताई करून टाकलं आणि पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. (बीमलाइनवर खाण्याला बंदी आहे. भडंग दारात उभं राहून खाल्ला.) तिच्या फोनच्या पडद्यावर, जिथे ह्या वयात दुसऱ्या कुणाचा तरी फोटो असायला हवा, तिथे तिच्या स्फटिकाचा फोटो होता. काचेसारखा स्वच्छ, कडा अशा की बोट कापेल. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण खाल्लेला भडंग बोलू देईना.

रोबोनं पिन लावली. पहिलं चित्र आलं. पांढऱ्या पडद्यावर चार-पाच ठसठशीत काळे ठिपके, एकमेकांपासून कोसभर लांब, बाकी सगळं कोरं.

“ताई, आले की ठिपके!”

“आले.”

“मोठ्ठे आहेत!”

“हो, जरा जास्तच मोठे आहेत.”

“मोठे म्हणजे चांगलेच की.”

“आणि लांब लांब आहेत.”

ती गप्प झाली. प्रथिनाचा रेणू अवाढव्य असतो, म्हणून त्याचे ठिपके बारीक आणि दाटीवाटीनं शेकड्यांनी येतात. क्षाराचं कुटुंब छोटं, त्यामुळे ठिपके मोजके आणि ऐसपैस. पुस्तकात हे पहिल्या काही पानांतच असतं आणि तिनंही ते वाचलं होतं. म्हणूनच ती गप्प झाली.

हे तोंडावर सांगायचं कसं, याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी देत नाही. पूर्वी मी “बहुधा अकार्बनी असावा” असं म्हणायचे. त्यावर लोक आनंदानं विचारायचे, “म्हणजे धातूचा अणू जोडला गेलाय?” आता सरळ सांगते. तरी प्रत्येक जण त्याच पायऱ्यांनी जातो. आधी, दुसऱ्या कोनातून बघू. मीठ कुठल्याही कोनातून मीठच असतं. मग, दुसरी पिन लावू. दुसऱ्या पिनेवरही त्याच थेंबातला सख्खा भाऊ. मग, तुमचा डिटेक्टर नीट आहे ना? आणि शेवटी वरिष्ठांना व्हिडिओ कॉल.

तिचे प्राध्यापक घरून पडद्यावर अवतरले. करोनानंतर ही एक नवीच सोय झाली आहे. पिना फक्त पाठवायच्या, रोबो घरबसल्या चालवायचा. त्यामुळे थोरामोठ्यांची स्वयंपाकघरं मला आता तोंडपाठ आहेत. वर कडक इस्त्रीचा शर्ट असतो. खाली काय असतं ते दाराची बेल वाजून ते उठले की कळतं. तर, प्राध्यापकांनी चित्र पाहिलं, नाक पडद्याला टेकवून पुन्हा पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “मला ह्याच्यात प्रथिनाची शक्यता दिसते.”

“सर, मीठच आहे हो ते.”

“थोडंसं प्रथिन आणि थोडंसं मीठ असं नाही का होऊ शकत?”

त्या रात्री आम्ही तिच्या सगळ्या पिना लावल्या. सगळं मीठ. पहाटेच्या सुमाराला उरल्यासुरल्या एका लूपमध्ये वेगळं काहीतरी दिसलं, चित्रावर सुंदर गोल कडी उमटली आणि ती खुर्चीतून उडालीच. ते बर्फ होतं. हवेतली वाफ लूपवर गोठली की अशी कडी येते. मग मात्र मी तिला हाताला धरून कॉफीच्या यंत्राकडे नेलं.

नाही म्हणायला, कधी कधी यंत्रही संशोधकांच्या मदतीला धावतं. म्हणजे बंद पडतं. भिंतीवरच्या पडद्यावर वर्तुळातला विद्युतप्रवाह दिसत असतो, तो एकदम शून्यावर येतो आणि सगळ्या बीमलाइनींवरून माणसं बाहेर येऊन त्या शून्याकडे बघत उभी राहतात. मी हे बारकाईनं पाहिलंय, ज्यांच्या पिनेवर मीठ निघालेलं असतं त्यांचे चेहरे उजळतात. आता दोष द्यायला ठिकाण मिळालेलं असतं. त्यातल्या वयस्कर मंडळींना अशा वेळी सर्न ह्या कणांच्या टकरी घडवणाऱ्या प्रयोगशाळेच्या गोष्टी आठवतात. १९९६ मध्ये तिथल्या २७ किलोमीटरच्या लेप यंत्रात बीम काही केल्या फिरेना, नळी उघडली तर आत बिअरच्या दोन बाटल्या. त्याच यंत्राला चंद्राची भरती-ओहोटी जाणवायची, परीघ मिलिमीटरभर इकडेतिकडे व्हायचा. जवळून धावणाऱ्या फ्रेंच आगगाडीचा विद्युतप्रवाहही त्याच्या चुंबकांना त्रास द्यायचा. हे कळल्यापासून आमच्याकडचे एक गृहस्थ डेटा बिघडला की आधी पंचांग पाहिल्यागत फोनवर चंद्राची कला बघतात.

मी हसते खरी, पण माझं तरी कुठे धड आहे? “आज सगळं छान चाललंय” हे वाक्य मी रात्रपाळीत उच्चारत नाही आणि दुसऱ्या कुणाला उच्चारू देत नाही. कुणी तोंड उघडलंच तर लाकडाला हात लावायला धावते, आणि त्या शिसं-पोलादाच्या इमारतीत लाकूड म्हणून फक्त कॉफी ढवळायच्या काड्या आहेत. त्यातली एक माझ्या खिशात असते.

मध्यंतरी काकांचा फोन आला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की प्रथिनांच्या रचना आता संगणकच सांगतो, अल्फाफोल्ड का काय ते, २०२४ चं नोबेलही मिळालं त्याला. “मग तुझं काय?” त्यांनी काळजीनं विचारलं. मी त्यांना सांगितलं की संगणक अंदाज फार चांगला सांगतो, पण औषधाचा रेणू प्रथिनाच्या कुठल्या खाचेत नेमका कसा जाऊन बसतो ते अजून डोळ्यांनी पाहावं लागतं. काका म्हणाले, “म्हणजे नोकरी आहे ना?” मी म्हटलं, “काका, दार लावायला माणूस लागतोच.” त्यांचं समाधान झालं.

कोल्हापूरची मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा आली. ह्या वेळी फोनवर फोटो नव्हता. तिचे स्फटिक कळकट, वेडेवाकडे, कडा झिजलेले, मला बघताक्षणी आवडले. पहिलंच चित्र आलं आणि पडदा बारीक ठिपक्यांनी गच्च भरला. मी विचारलं, “काय केलंस?” तर म्हणाली, “मांजर.”

ह्यात हसण्यासारखं काही नाही. स्फटिक उगवायला कचरत असले की जुन्या स्फटिकाच्या भुग्याचं बी नव्या थेंबात पेरतात. ते पेरायला मांजराची मिशी उत्तम, असं ह्या धंद्यात पूर्वापार मानतात. मिशी चिवट, तिच्यावरचे बारीक खवले बी धरून ठेवतात. भुग्यावरून फिरवायची, थेंबातून एक रेघ ओढायची, की रेघेवर स्फटिक उगवतात. मिशी उपटायची नसते, गळून पडलेली शोधायची असते. त्यासाठी ही मुलगी मैत्रिणीच्या घरी महिनाभर गालिच्यावर रांगत होती.

परवा तिचा प्रबंध आला. आम्ही लोक प्रबंध शेवटून उघडतो, आभाराच्या पानावर. आधी प्राध्यापक, मग अनुदान देणारी संस्था, मग आईवडील, मग मैत्रिणीचं मांजर, नावासकट आणि दोन ओळी भरून. माझं नाव त्याच्या खाली होतं, आडनावात एक अक्षर चुकवून. मी रागावले नाही. मिशी त्याची होती.